दावण्या आणि मेमरी

मागच्या वीकांताला लिहिणं झालं नाही. कारण सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो. स्वतःच्या एका चुकीची भरपाई करायला मी कवठे महांकाळला गेलो होतो आणि तिथं दीड दिवस द्राक्षाच्या पानांवरच्या डागांभोवती माउसनं रेघा ओढत बसलो होतो.

तर झालं असं. माझी पुतणी वनस्पतिशास्त्रात एमेस्सी करतेय आणि तिनं प्रकल्प घेतलाय द्राक्षावरच्या दावण्याचा. दावण्या म्हणजे डाऊनी मिल्ड्यू. पुस्तकात त्याला केवडा म्हणतात, पण आमच्या भागात सगळे दावण्याच म्हणतात आणि म्हणताना आवाज आपोआप खाली येतो. पानाच्या वरच्या बाजूला तेल सांडल्यासारखा पिवळट डाग, पान उलटं केलं की त्याच जागी पांढरी बुरशी. ऑक्टोबर छाटणी झाली, कोवळी फूट निघाली आणि नेमकं आभाळ येऊन दोन दिवस झिमझिम लागली की हा हजर. फुलोऱ्यातल्या घडावर गेला तर वर्षाचं गणित तिथंच संपलं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस हटायलाच तयार नव्हता, तेव्हा दादाच्या दीड एकर सोनाकातून निम्मे घड काढून बांधावर टाकावे लागले होते. पुतणी तेव्हा शाळेत होती. टोपलं घेऊन तीही घड उचलत होती. विषय कुठून आला हे तिला कुणी विचारायची गरज नाही.

काम दिसायला सोपं. बागेतल्या ठरवून दिलेल्या वेलींवरून दर आठवड्याला पानं तोडायची, स्कॅनरवर ठेवून स्कॅन करायची आणि पानाचा किती टक्के भाग रोगानं व्यापलाय ते काढायचं. पूर्वी हे आलेख कागदावर पान ठेवून, पेन्सिलीनं गिरवून, चौकोन मोजून करत. किंवा सरळ नजरेनं, 'असेल पंचवीस टक्के' म्हणून. आता त्यासाठी इमेजजे नावाचा प्रोग्राम वापरतात.

हा इमेजजे मोठा गमतीचा प्राणी आहे. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये वेन रासबँड नावाच्या माणसानं तो लिहिला. आधी १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी एनआयएच इमेज, मग १९९७ मध्ये जावात इमेजजे. सरकारी नोकरीत लिहिला म्हणून कुणाच्याच मालकीचा नाही, फुकट. पेशी मोजणारे, तारे मोजणारे, पानं मोजणारे सगळे तोच वापरतात. दिसायला अगदीच बापुडवाणा, एक लांबट पट्टी आणि दहाबारा बटणं. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, एवढंच? 

गुरुवारी रात्री साडेनऊला पुतणीचा फोन आला. मी त्याच वेळी अमेरिकेतल्या मंडळींबरोबर कॉलवर होतो. एका कानात त्यांचं रिलीज, दुसऱ्या कानात ही.

"काका, ते मेमरी संपली म्हणतंय. आणि आता हलंनाच झालंय."

"किती फाईली उघडल्यास?"

"दोनच की ओ. एकेक साडेसहा एमबीची हाय."

माझ्या आवाजात तो ओळखीचा, वैतागलेला, सगळं माहीत असल्याचा सूर आला. (तुमच्या घरात कुणी कॉम्प्युटरवालं असेल तर हा सूर तुम्ही ऐकलाच असेल.) म्हटलं, "टास्क मॅनेजर उघड, मारून टाक त्याला. परत चालू कर. मग एडिट, ऑप्शन्स, मेमरी अँड थ्रेड्स. तिथं सहा हजार टाक. बंद कर, पुन्हा चालू कर. झालं." आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन. इमेजजे आता उघडतच नव्हता. आयकॉनवर क्लिक केलं की क्षणभर काहीतरी चमकायचं आणि गायब. आणि मग तिनं हळूच विचारलं, "काका, त्या खुणा कुठं सेव्ह झालेल्या असतात?"

कुठंच नाही. शिरेची सावली आणि डाग यांत प्रोग्राम गल्लत करतो, म्हणून ती प्रत्येक पानावर हातानं डागांच्या कडा दुरुस्त करत होती. त्या खुणा आरओआय मॅनेजर नावाच्या खिडकीत जमतात आणि आपण होऊन सेव्ह केल्याशिवाय तिथंच राहतात. सकाळपासून बावीस पानं झाली होती. मी एका वाक्यात बावीस पानं मारून टाकली होती. 'आधी सेव्ह केलंस का?' हा प्रश्न विचारायला मला दोन सेकंद लागले असते. हापिसात ज्युनियर पोरांनी सर्व्हरवर असलं काही केलं की मी त्यांना चहाच्या वेळेला अर्धा तास व्याख्यान देतो.

ती काही बोलली नाही. "बरं काका, करते परत," एवढंच म्हणाली. त्यावर मला झोप लागेना. शुक्रवारी दादाचा फोन आला त्यानं तर अजूनच. दादाला गावातल्या दुकानदारानं सांगितलं होतं की लॅपटॉप जुना झालाय, रॅम भरलीय, आता नवीनच घ्या, साठ हजारापर्यंत चांगला येईल. दादा म्हणाला, "बेदाण्याचं थोडं पैसं यायचं राहिल्यात. तेवढं आलं की घेऊन टाकतो. पोरीचं अडायला नको." लॅपटॉप म्हणजे माझाच जुना, मीच दिलेला. त्यात आठ जीबी मेमरी आहे हे मला पक्कं माहीत होतं. त्याला म्हटलं, दादा, थांब, मी येतो. शनिवारी पहाटेची गाडी धरली. 

आता खरी गोष्ट. तांत्रिक आहे, पण कंटाळवाणी नाही असं मला आपलं वाटतं.

पहिला प्रश्न पुतणीचाच. साडेसहा एमबीच्या दोन फाईलींनी आठ जीबीचं यंत्र भरेलच कसं? तर फाईल साडेसहा एमबीची असते ती कोपऱ्यात घडी घालून ठेवलेल्या ताडपत्रीसारखी. बेदाण्यावर पसरायची वेळ आली की ती उलगडावीच लागते आणि तेव्हा जागा लागते ती ताडपत्रीच्या खऱ्या मापाची. ए-फोर कागदाएवढा स्कॅन, इंचाला सहाशे ठिपके. म्हणजे साधारण ४९६० गुणिले ७०१६, सुमारे साडेतीन कोटी ठिपके. रंगीत चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला इमेजजे चार बाइट देतो (लाल, हिरवा, निळा आणि चौथा रिकामाच). झाले १३३ एमबी. एकच स्कॅन. मग काही बदल केला की 'अनडू' करता यावं म्हणून एक जादा प्रत, आणखी १३३. रंगावरून डाग वेगळे काढायला तो चित्राचे रंगछटा, गडदपणा, उजेड असे तीन थर करतो, ते शंभरेक. डागांचा काळापांढरा साचा तेहेतीस. एका स्कॅनला चारशे एमबी सहज. दुसरा स्कॅन उघडून त्यावर काही केलं की साडेसहाशेच्या पुढं.

आणि नेमकं साडेसहाशेच्या जरा अलीकडेच कुंपण होतं. इमेजजेच्या फोल्डरात इमेजजे डॉट सीएफजी नावाची एवढीशी तीन ओळींची फाईल असते. मूळची उघडून बघितली तर तिसऱ्या ओळीत 'एक्सएमएक्स ६४० एम' असं लिहिलेलं. म्हणजे जावाला सांगितलेलं, बाबा रे, काहीही झालं तरी ६४० एमबीच्या वर जायचं नाही. यंत्रात आठ जीबी असोत नाहीतर ऐंशी.

हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतं. मेमरी आहे, रिकामी पडलीय, आणि तरी प्रोग्राम म्हणतो संपली! पण कवठे महांकाळच्या माणसाला हे समजवायला लागू नये. कृष्णेचं पाणी म्हैसाळजवळ उचलून टप्प्याटप्प्यानं वर आमच्या तालुक्यात आणि पुढं जतकडं नेतात. नदी दुथडी भरून वाहत असली तरी आमच्या तलावात किती येणार ते नदी ठरवत नाही. किती पंप चालू, आवर्तन किती दिवसांचं, कुठलं दार किती उघडं, यावर ते ठरतं. जावाचंही तसंच. तिला सुरू होतानाच तुझा कोटा एवढा म्हणून सांगावं लागतं. काहीच सांगितलं नाही तर ती साधारणपणे यंत्रातल्या मेमरीचा पाव हिस्सा आपला समजते. चालू असताना मध्येच वाढवून मागायची सोय नाही. म्हणूनच तो आकडा बदलला की प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, आणि म्हणूनच मी त्या रात्री 'बंद कर' म्हणालो. असो. त्यानं गुन्हा कमी होत नाही.

मग मी सांगितल्याप्रमाणे सहा हजार टाकल्यावर तो मेला का? हे मला पुण्यात बसून कळलं नव्हतं. घरी पोचलो, चहा घेतला, लॅपटॉप उघडला, फोल्डर बघितलं आणि पाच मिनिटांत कळलं. पुतणीनं इमेजजे महाजालावरून उतरवलाच नव्हता. कुणीतरी वर्षानुवर्षं फिरत असलेलं फोल्डर पेनड्राईव्हवरून दिलं होतं, आणि त्यातली जावा होती ३२ बिटची.

३२ बिट म्हणजे काय हे दादानं विचारलं, तो बाजेवर बसून सगळं बघत होता. त्याला म्हटलं, आपली मिरज-पंढरपूर गाडी आठवते? बार्शी लाईटची, अडीच फुटी रुळाची? आम्ही दोघं लहानपणी त्या गाडीनं मिरजेला गेलोय. ढालगावच्या चढाला ती दमायची. फलाटावर कितीही माणसं असू देत, रुळाची रुंदीच अडीच फूट म्हटल्यावर डबा किती रुंद करणार? ३२ बिटमध्ये जागेला पत्ताच चार जीबीपर्यंतचा देता येतो. त्यातला निम्मा विंडोज स्वतःकडं ठेवून घेतं. उरलेल्या दोनात जावाला सलग, मध्ये खंड नसलेली पट्टी लागते. तशी ती दीड-पावणेदोन जीबीच्या वर सहसा मिळत नाही. सहा हजार मागितल्यावर ती सुरूच होत नाही. इमेजजे हे सांगतोसुद्धा बरं का, १७०० च्या वरचा आकडा ३२ बिट यंत्रावर धोक्याचा आहे म्हणून. घाईत वाचतो कोण.

दादानं मान हलवली. म्हणाला, "म्हंजे ब्रॉडगेज करायला पायजे." अगदी तेच. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली तेव्हा पहिल्या गाडीला दहा टँकर-वाघिणी होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. ती पंढरपूरवरून, म्हणजे आमच्याच स्टेशनातून गेली. आमचा तालुका तरी कुठला सुकाळी! त्या दिवसांत दादाच्या बागेलाही टँकरच चालू होता. पण गाडी गेली ती रूळ रुंद झाले होते म्हणून. त्या जुन्या गाडीला असलं वजन ओढवलंच नसतं.

तर ब्रॉडगेज केलं. ६४ बिट जावासकट नवीन इमेजजे उतरवला (गावातलं नेट त्या दिवशी खुशीत होतं), झिप फाईल उलगडली, जुन्या फोल्डराला हात न लावता बाजूला ठेवलं. मेमरीच्या चौकटीत जाऊन मी, लोभी माणूस, ७५०० टाकले. आठ हजारांपैकी साडेसात हजार. एका आठवड्याचे सगळे स्कॅन एकदम उघडले. आधी छान चाललं. मग हार्डडिस्कचा दिवा पेटला तो विझेचना. माउसचा बाण जागेवरून हलेना. विंडोजला स्वतःला, ब्राउजरला, व्हायरस शोधणाऱ्याला जगायला काही ठेवलंच नव्हतं. मग ते बिचारं मेमरीतलं सामान उचलून डिस्कवर टाकतंय, लागलं की परत आणतंय, पुन्हा टाकतंय. वीस मिनिटं वाट बघून बटण दाबून बंद केला. पुतणी शेजारी उभी होती. तिनं फक्त विचारलं, "काका, सेव्ह केलंतं न्हवं?" ह्या वेळी केलं होतं.

इमेजजेवाले स्वतःच सांगतात की खऱ्या मेमरीच्या पाऊणपटीच्या वर जाऊ नका. मी ५५०० टाकले. तिच्या एका आठवड्याचे बारा स्कॅन म्हणजे सोळाशे एमबी. सगळ्यांना एकच रंगमर्यादा लावायची म्हणून ते एकत्र लागायचे. जुन्या ३२ बिटमध्ये कितीही ताणलं तरी हे जेमतेम उघडलं असतं आणि पहिल्याच क्लिकला कोसळलं असतं. आता ते आले, राहिले, वर अनडूलाही जागा उरली. खालच्या पट्टीवर क्लिक केलं की किती मेमरी वापरात आहे ते दिसतं आणि त्याच क्लिकला जावा आपला टाकाऊ कचराही गोळा करते. पुतणीला ते इतकं आवडलं की दर पाच मिनिटांनी ती तिथं क्लिक करून बघायची. हिशेबाच्या वहीसारखं.

मी जरा छाती फुगवून बसलो होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "पण काका, सगळे नव्वद स्कॅन एकदम उघडायचे झाले तर?"

नव्वद गुणिले १३३, बारा हजार. आठ जीबीत बसत नाहीत. म्हटलं, तर मग सोळा जीबी रॅम टाकावी लागेल, दोन पट्ट्या बदलून...

मागून दादा म्हणाला, "सगळं एकदम कशाला लागतंय? ठिबकनं दे की."

मी गप्प. कारण ते तसंच आहे. फाईल, इंपोर्ट, इमेज सिक्वेन्स, तिथं 'व्हर्च्युअल स्टॅक' अशी खूण करायची सोय आहे. मग प्रोग्राम सगळी चित्रं डिस्कवरच ठेवतो आणि ज्याची पाळी त्याच्यापुरतंच मेमरीत आणतो. किंवा छोटा मॅक्रो लिहून एक उघड, मोज, आकडा लिही, बंद कर, पुढचं. हापिसात गेली सतरा वर्षं मी लोकांना हेच सांगत आलोय. घरी आल्यावर मात्र पंप मोठा करण्यातच रमलो होतो. आठवड्याच्या बारा स्कॅनना मेमरी वाढवणं भाग होतं, ते काम खरंच होतं. पण नव्वदांसाठी मॅक्रो. तो मी लिहायला लागलो तर पुतणी म्हणाली, मला शिकवा, मी लिहिते. दोन तास गेले. मी लिहिला असता तर पंधरा मिनिटं.

एका गोष्टीवरून आमचा थोडा वादही झाला. मी म्हणत होतो की सहाशे ठिपके कशाला, तीनशे पुष्कळ झाले. एका मिलिमीटरला बारा ठिपके पडतात, डाग नीट कळतो आणि मेमरी चौपट वाचते. तिच्या मैत्रिणीनं तर शंभरावर आणून सगळं हलकं करायला सांगितलं होतं. तिथं मिलिमीटरला चारच ठिपके उरतात, सुरुवातीचे बारके डाग पुसूनच जातात आणि नेमका तोच तिचा अभ्यास. पण तीनशेला काय हरकत होती? ती म्हणाली, "पहिल्या तीन आठवड्यांचं सहाशेवर मोजून झालंय. मध्येच माप बदललं तर आकडे एकमेकाला लागणार कसे?" बरोबर होतं तिचं. माझं गणित बरोबर होतं आणि सल्ला चुकीचा होता. (जेपीजीऐवजी टिफमध्ये ठेवायला हवे होते स्कॅन, हे मी मनातच ठेवलं. पानं तर केव्हाच वर्तमानपत्रात दाबून तपकिरी झाली होती, पुन्हा स्कॅन करायचा प्रश्नच नव्हता.)

संध्याकाळी वहिनीनं भाकरी टाकल्या, आईनं खर्डा कुटला आणि जेवणाआधी एक खेळ झाला. पुतणीनं पडद्यावर एक पान दाखवलं, पुष्कळ बारीक डाग असलेलं. सांगा किती टक्के. दादा म्हणाला तीस. मी म्हणालो पंचवीस. आई चष्मा लावून म्हणाली, "सगळंच गेलंय की गं ते." मोजलेला आकडा होता अकरा.

डाग लहान आणि पुष्कळ असले की डोळा ते आहेत त्याहून जास्तच समजतो. वनस्पतिरोगांच्या अभ्यासकांना हे फार आधीपासून माहीत आहे. मला वाटलं दादा चमकेल, म्हणेल की मग एवढ्या फवारण्या उगीच झाल्या. तसं काही झालं नाही. तो म्हणाला, "अकरा असूं दे न्हाईतर एक. आभाळ आलं की औषध मारायचंच." त्याचंही चूक म्हणवत नाही. हा रोग १८७८ च्या सुमाराला अमेरिकेतून फ्रान्सला पोचला. तिथं बोर्दोजवळचे शेतकरी वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. त्याच वेली रोगातून वाचल्या हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यानं ते मिश्रण जगाला सांगितलं. तेच बोर्डो आजही दादाच्या पिंपात कालवलं जातं. मिलार्देनंही टक्के मोजायच्या आधी वेल हिरवी आहे का नाही एवढंच बघितलं असणार. पण पुतणीचं म्हणणं वेगळं आहे. पुढच्या वर्षी दोन ओळींवर दोन वेगवेगळी औषधं मारून बघायची असतील तर 'तीस असेल' आणि 'पंचवीस असेल' यांतून कुठलं चांगलं ते कसं ठरवणार? दादा यावर काही बोलला नाही. भाकरी मोडून खर्ड्याला लावली. पण पुढच्या वर्षी दोन ओळी सोडायला तो तयार होईल असं मला वाटतं.

रविवार माझा, बावीस पानांचा. ती नको नको म्हणत होती, पण मी बसलो. आधी तिनं मला दोन पानं करून दाखवली, मग माझी चार तपासली, त्यातली एक नापास केली. (शिरेच्या काट्यापाशी मी डाग समजून सावलीच गिरवली होती.) मग सोडलं. एका पानाला दहा-बारा मिनिटं लागतात. मनगट दुखतं. आठव्या पानानंतर डागांचे आकार महाराष्ट्राच्या जिल्ह्यांसारखे दिसायला लागतात. त्या गुरुवारी तिनं सकाळपासून हेच केलं होतं आणि रात्री फोनवर 'बरं काका, करते परत' एवढंच म्हणाली होती.

सतराव्या पानापर्यंत मी, उरलेली पाच तिनं. दर पानाला सेव्ह. दादाला सांगितलं की नवीन लॅपटॉप नको. फारच वाटलं तर पुढंमागं रॅम वाढवू, तीही आज नाही. तो म्हणाला, "मग त्या पैशातनं नोझल बदलून घेतो."

निघताना लॅपटॉपच्या झाकणाच्या आत, पडद्याच्या खाली, एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. पुतणीचं अक्षर. दोन नंबरला 'मेमरी ५५००, जास्त नाही'. तीन नंबरला 'खालच्या पट्टीवर क्लिक'. चार नंबरला 'नव्वद असतील तर मॅक्रो'. आणि सगळ्यात वर, लाल पेननं, एक नंबरला: 'काकांनी सांगितलं तरी आधी सेव्ह करणे.'